पंचनाम्यात न आलेलं

जिल्हा परिषद शाळेचा टोल गेला
कार्तिकातल्या एका मंगळवारी.
काशाचा, अकरा किलोचा,
काठाचा जरासा टवका उडालेला.
किंमत विचारली तर हेडमास्तर म्हणाले,
"कशी सांगू? आता तर विजेची बेल आहे."
मी लिहिलं : किंमत, अंदाजे.

बोरी फाट्यावरचा भंगारवाला छगन
दोन दिवस चौकीच्या बाकावर बसवला.
साक्षीदार एक नाही,
गुन्हेगार मात्र तेवीस,
प्रत्येकानं दुसऱ्याचं नाव सांगितलेलं.

खैरूनबीची बेकरी चौकीसमोर.
बेकरी म्हणजे एक भट्टी, दोन फळ्या,
बरण्यांत टोस्ट, खारी, नानकटाई,
आणि भिंतीवर कोळशानं लिहिलेली उधारी.
ती म्हणाली, "जमादार, त्या छगनले सोडा.
दोन दिवसांपासून कोरडे टोस्ट खाऊन राह्यला.
एवढं कासं इकलं असतं,
तं चहाले पैसे नसते का त्याच्याजवळ?"

मी हसलो. कायद्यात असा पुरावा बसत नाही.

ती मैदा मळत राहिली. मग मला नाही,
जणू मैद्यालाच म्हणाली,
"डोमाजी नन्नावरे मे महिन्यात रिटायर झाला.
तवापासून कधी आठले ये, कधी बाराले,
घड्याळ हरपल्यावानी.
आता आठ दिवस झाले,
बरोबर साडेदहाले येते. दोन टोस्ट.
अन् त्याच्या नोटेले चिंचेचा वास येते.
चिंच कायले लागते बाप्पा, एकट्या माणसाले?
डबा तं लेकीकडून येते त्याचा."

भट्टीत बाभळीचं लाकूड तडतडलं.
"मैद्याचं रिकामं पोतं मागून नेलं.
कायले, म्हटलं. म्हणे, पाय पुसाले.
पाय पुसाले कोणी
चांगलं मऊ पाहून निवडते का?"

पहाटे चारला गावात दोघीच जाग्या,
ती आणि भट्टी.
त्या वेळी नन्नावऱ्याच्या घरातून
आवाज येतो, कापडात गुंडाळलेला.
"पयले वाटलं, कोणी मिरच्या कांडते.
पण कांडणारं मोजत नाही, जमादार.
हा मोजते. प्रार्थनेचे मोजते,
मंधातल्या सुट्टीचे मोजते.
शाळा सुटाचे तेवढे वाजवत नाही."

मी टोपी उचलली.
तिनं नानकटाईची पुडी पुढे सरकवली.
"गरम आहे. थंडी होऊ द्या. मंग जा."

थंडी व्हायला रविवार उजाडला.
सोमवारी टोल वऱ्हांड्याच्या आढ्याला,
आपल्या जागी,
इतका लख्ख की पोरं त्यात दात पाहत होती.
हेडमास्तर म्हणाले, चोराला पश्चात्ताप झाला.
मी मान डोलावली.

पण अकरा किलो म्हणजे अकरा किलो.
डोमाजीचा उजवा हात
पोळ्यापासून खांद्याच्या वर जात नाही,
सरकारी दवाखान्याच्या रांगेत
तो माझ्याच पुढे होता.
टोल टांगायचा तर दोन माणसं लागतात :
एक दोरी ओवणारं,
एक खालून पेलून धरणारं.

टोलच्या पाठीमागे,
जिथं पोरांची नजर पोचत नाही,
पाच बोटं होती. पांढरी, स्वच्छ.
अंगठ्याच्या ठशात मधोमध
भाजल्याच्या जुन्या खुणेची रिकामी जागा.
एकवीस वर्षांच्या नोकरीत
एवढा सुबक ठसा मला मिळाला नव्हता.

"काही सापडलं का, साहेब?"
शिपाई मागून विचारत होता.
मी खिशातून रुमाल काढला.

छगनला त्याच दिवशी
वजनकाटा परत दिला, सही घेऊन.
तो गेला, काही बोलला नाही.
त्यानं खाल्लेले चौदा टोस्ट
बेकरीच्या भिंतीवर आहेत अजून,
माझ्या नावासमोर.